टायरवरचा पांढरा ठिपका

ही गोष्ट माझ्याच घरात घडलेली आहे. कुणाच्या मावशीच्या शेजारणीकडे नाही. त्या वेळी मला ताप नव्हता, डोळ्यांवर झोप नव्हती आणि माझं डोकं नेहमी असतं तितपत ठिकाणावर होतं. तरीही विश्वास बसला नाही, तर माझा राग नाही. माझा स्वतःचा अजून नीट बसलेला नाही.

रात्र नव्हती. हे आधीच सांगते, म्हणजे नंतर हिरमोड नको. भुतं रात्रीच येतात हे ज्याने ठरवलं, त्याने माझा नवरा पाहिलेला नसावा. तो रात्रीचं जेवण झालं की घोरायला लागायचा.

तर... रविवार होता. उतरती दुपार. दिवे गेलेले. दुसऱ्या मजल्यावरचं आमचं घर, आणि त्यातली बाहेरची खोली.

त्या खोलीत भिंतभर काचेचं कपाट आहे. कपाटात ट्रॅक्टर आहेत.

खेळण्यातले म्हणू नका. नवरा म्हणू द्यायचा नाही. "मॉडेल आहेत ती," म्हणायचा, आणि पाहुण्याला बॉनेट उघडून आतलं इंजिन दाखवायचा. खऱ्या ट्रॅक्टरला जे जे असतं ते सगळं, फक्त तळहाताएवढं. स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळतात. मागे नांगर जोडता येतो.

आमचं शेत नाही. बाल्कनीत एक कोरफड आहे, तीही मी पाणी घालते म्हणून. नवरा ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता. दिवसभर मोठ्यांच्या पोटाखाली आडवा, आणि घरी आला की छोट्यांची सेवा.

त्या सेवेतली एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा.

ह्या गाड्यांचे टायर रबराचे असतात. गाडी एकाच जागी उभी राहिली की टायर खालून चपटा होतो, फळीला चिकटतो. म्हणून दर रविवारी, चहाच्या आधी, नवरा प्रत्येक ट्रॅक्टर उचलून त्याची चाकं पाव चक्कर फिरवायचा. कुठला झाला, कुठला राहिला हे कळावं म्हणून मागच्या टायरवर पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका. ह्या रविवारी ठिपका वर, पुढच्या रविवारी पुढे, मग खाली, मग मागे. हे चालू असताना शीळ घालायचा. एकच ओळ, तीही बेसूर.

शेवटी पुढची चाकं जराशी डावीकडे वळवून ठेवायचा.

"सरळ का नाही ठेवत?" मी एकदा विचारलं.

"सरळ चाकं म्हणजे पडून राहिलेली गाडी. वळलेली असली की आता निघेल असं वाटतं."

मला ते फार आवडलं होतं. कौतुकाने लेकीलासुद्धा सांगितलं होतं.

सगळ्यात वरच्या फळीवर एक निळा ट्रॅक्टर आहे. तो विकतचा नाही. लग्न नवीन असताना आम्ही दोघांनी मिळून बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून केलेला. बॉनेट वाकडं झालं, ते माझ्यामुळे. नवरा म्हणायचा, "नाक तुझ्यावर गेलंय." त्याची पुढची चाकं वळत नाहीत. तेव्हा आम्हाला ते जमलंच नव्हतं.

आणि सगळ्यात खालची फळी रिकामी होती. तिथे पूर्वी हिरवे ट्रॅक्टर होते, त्याचे सगळ्यात लाडके. ते त्याने हौशी लोकांच्या क्लबला दिले होते, प्रदर्शनात कायमचे ठेवायला. असं त्याने मला सांगितलं होतं.

मागच्या वर्षी तो गेला. वर्कशॉपमध्येच, एका ट्रॅक्टरखाली. पाना हातात होता म्हणे.

सुरुवातीला रविवारची पाव चक्कर मी फिरवत राहिले. मग एका रविवारी हात आवरला. सगळे ठिपके खाली करून ठेवले, काच लावली, कुलूप घातलं, किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. आणि समोर खुर्ची टाकून बसले.

हसाल, पण मी त्याची वाट बघत होते. मनात म्हटलं, चार माणसांसमोर येऊ नकोस, बोलूही नकोस, एक ठिपका हलव. एवढंच. टायर चपटे झालेले तुला बघवणार नाहीत, हे मला माहीत आहे.

रविवारमागून रविवार गेले.

ठिपके खालीच.

टायर चपटे व्हायला लागले. मी तरी हात लावला नाही. हट्टाला पेटले की मी कुणाची नाही.

अशाच एका रविवारी दार वाजलं. दिवे नव्हते, म्हणून बेल नाही... बोटाच्या पेराने वाजवल्यासारखा, अगदी हलका आवाज.

दारात घड्याळवाल्या बाई उभ्या होत्या. दोन गल्ल्या सोडून त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, वर घर. माझ्याच वयाच्या, किरकोळ, जाड भिंगाचा चष्मा. माझ्या मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा त्यांनीच बसवलेला.

"आत येऊ का?" त्या म्हणाल्या. आल्या, आणि कपाट बघून दारातच थबकल्या. "अगदी सारखं आहे."

"कशासारखं?"

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"ताई, तुमच्या मिस्टरांना सांगा ना, आता येऊ नका म्हणावं. मला सहन होत नाही."

मला वाटलं, ह्यांना कळलेलंच नाही. "बाई, ते जाऊन वर्ष होत आलं."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "त्यानंतरचंच सांगतेय. दर रविवारी येतात. ठिपका फिरवून जातात."

मी आधी दार लोटून घेतलं.

"तुम्हाला ठिपक्याचं काय माहीत?"

"हिरवे ट्रॅक्टर माझ्याकडे आहेत," त्या म्हणाल्या. "चला. आता वेळ झालीच आहे त्यांची."

मी चपला घातल्या की नाही, ते आठवत नाही. त्यांच्या जिन्यात पायाला गार लागलं, म्हणजे नसाव्यात.

दुकानावरची खोली लहान. खाली-वर सगळीकडे घड्याळं. भिंतीवर, टेबलावर, उघड्या खोक्यांत. सगळी चालू. टिकटिक इतकी, की स्वतःचा श्वास ऐकू येऊ नये.

आणि समोर कपाट.

माझंच. तेच लाकूड, त्याच बिजागऱ्या, काचेची मूठ तशीच. म्हणजे आमचं कपाट करणाऱ्या सुतारकाकांनी एकाच वेळी दोन केली होती, आणि माझ्या घरी कपाट लावताना माझ्याच हातचा चहा पिऊन गप्प बसले होते. आत हिरवे ट्रॅक्टर. कपाटासमोर एक वेताची खुर्ची, बसून बसून खोलगट झालेली. खुर्चीच्या हातावर त्याचा चष्मा. मला म्हणाला होता, बसमध्ये हरवला. मी दुसरा करून दिला होता.

"किती वर्षं?" मी विचारलं.

"मी त्यांना बारीक भाग करून द्यायचे. लिव्हर, पेडल, हेडलाइटच्या कड्या. घड्याळाची हत्यारं लागतात त्याला. मग ते इथेच जोडत बसायला लागले." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "तुम्ही समजता तसं काही नव्हतं, ताई. ते नुसते बसायचे."

नुसते बसायचे.

दुसरं काही असतं, तर मी त्यांच्या झिंज्या तरी उपटल्या असत्या. पण हा माणूस माझ्या घरात कधी नुसता बसला नाही. सदा घाईत. चहासुद्धा उभ्याने.

मग माझं लक्ष गेलं.

"ह्यांची पुढची चाकं सरळ कशी?"

"इथे सरळच ठेवायचे," बाई म्हणाल्या. "म्हणायचे, ही पोचलेली गाडी आहे."

मी काही बोलणार... तेवढ्यात टिकटिक थांबली.

एक घड्याळ नाही. सगळी.

बाईंनी माझा दंड धरला.

आधी वास आला. ग्रीस, आणि त्यावर हात धुतलेला साबण. मग वेताची खुर्ची करकरली... कुणी बसताना करकरते तशी. मग कपाटातून, बंद काचेच्या आतून, बारीक आवाज.

चर्र...

फळीला चिकटलेला टायर सुटल्याचा.

पहिल्या ट्रॅक्टरचा ठिपका खाली होता. माझ्या डोळ्यांदेखत तो सरकला. हळूच, काळजीने. पाव चक्कर मागे गेला आणि थांबला.

मग दुसऱ्याचा.

मग तिसऱ्याचा.

आणि शीळ. तीच ओळ. तशीच बेसूर.

मला भीती वाटायला हवी होती. बाईंनी तर माझा दंड सोडला नव्हता. पण मला रडूच फुटलं, रागाचं. इतके महिने मी कुलूप लावून समोर बसले, डोळ्यांत तेल घालून ठिपके बघितले, आणि हा इथे येत होता. मेल्यावरसुद्धा.

"अहो," मी म्हटलं. "मी आलेय."

शीळ थांबली.

खुर्ची एकदा करकरली. आणि सगळी घड्याळं एकदम टिकटिकायला लागली. वास गेला. राहिलेले ट्रॅक्टर तसेच राहिले, ठिपके खाली. माझा आवाज ऐकून काम अर्धवट टाकून गेला होता तो.

बाईंनी स्वतःच खोकं काढलं. एकेक गाडी फडक्यात गुंडाळून दिली. "घेऊन जा ताई. तुमचंच आहे," म्हणाल्या. चष्माही दिला. त्यांचे डोळे भरले होते, पण सुटल्यासारख्याही दिसत होत्या. मला त्यांचा धड रागही करता येईना.

घरी येऊन मी नणंदेला फोन लावला. ती त्याची धाकटी बहीण, त्याचं काहीही तिच्यापासून लपायचं नाही.

"तुला माहीत होतं?"

"वहिनी, त्यात सांगण्यासारखं काय होतं? दादाला तिथे शांत वाटायचं."

"आणि माझ्याकडे काय बँड वाजायचा?"

"तू हळवी आहेस म्हणून नाही सांगितलं गं."

म्हणजे सुतार, नणंद, सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. घराचं छप्पर उडालेलं गावाला दिसत होतं. मीच तेवढी आत बसून पावसाला नावं ठेवत होते.

हिरवे ट्रॅक्टर मी खालच्या फळीवर लावले. सगळे ठिपके खाली केले. काच लावली, कुलूप घातलं, किल्ली गळ्यात. मनात म्हटलं, आता बघू कुठे जातोस. तुझं सगळं इथे आहे.

पुढचा रविवार.

त्याच्यासाठी म्हणून बसायला चांगली खुर्ची ठेवली, गादी घालून. मी बाजूला स्टुलावर. दाराला आतून कडी लावली, शेजारणीने मध्येच साखर मागायला येऊ नये म्हणून.

ऊन फरशीवरून सरकत भिंतीशी गेलं.

फ्रिजची घरघर थांबली...

भिंतीवरचं घड्याळ थांबलं...

आणि ग्रीसचा वास आला.

आला. माझ्या घरी आला. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा. मी डोळे मिटून घेतले. बघितलं तर पुन्हा निघून जाईल, असं वाटलं. चर्र... चर्र... एकामागून एक आवाज होत राहिले, खालच्या फळीवरून वर, वरच्या फळीवर. शीळ मात्र नव्हती. गादीची खुर्चीही वाजली नाही. घाईचं काम चाललेलं कळत होतं.

मग कडीचा आवाज झाला.

फ्रिज सुरू झाला, तेव्हा मी डोळे उघडले.

काचेचं कुलूप तसंच. किल्ली माझ्या गळ्यात.

पण आतले ट्रॅक्टर काचेकडे तोंड करून नव्हते. हिरवे, लाल, सगळे. सगळ्यांची तोंडं डावीकडे वळलेली. पुढची चाकं डावीकडे.

त्या खोलीत डावीकडे एकच गोष्ट आहे. बाहेर जायचं दार.

इतकी वर्षं मी ती वळलेली चाकं फडक्याने पुसली होती. ती कुठे बघतात हे कधी माझ्या मनात आलं नाही.

एकच गाडी जागची हलली नव्हती. वरच्या फळीवरची निळी. वाकड्या नाकाची. तिचा ठिपका खाली तो खालीच, टायरवर धुळीचा थर तसाच. त्या थरावर बोटाचा ठसासुद्धा नव्हता.

दाराची कडी उघडी होती.

तेवढ्यात फोन वाजला. घड्याळवाल्या बाई. आवाज ओळखू येत नव्हता.

"ताई, कपाट तर रिकामं आहे ना हो? तुम्ही सगळे नेलेत ना? मग खुर्ची का वाजतेय?"

मी फोन ठेवून दिला.

ह्याला आता बरेच महिने झाले. हिरवे ट्रॅक्टर परत द्यावेत, असं कधी कधी मनात येतं. देत नाही. दर रविवारी मी सगळ्यांची तोंडं पुन्हा काचेकडे करते, चाकं सरळ करते. निळ्याची पाव चक्कर मी स्वतः फिरवते. तेवढीच शीळही घालून बघते, माझीही बेसूरच येते.

आणि दुपार उतरली की दाराला आतून कडी लावून स्टुलावर बसते. लोक कडी लावतात ती बाहेरचं काही आत येऊ नये म्हणून.

थोडा वेळ ग्रीसचा वास येतो. थोडाच.

मग कडी सरकते... आतून.