यादीत नसलेला पाच

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण ताई खोटं बोलत नाही. माझी सख्खी मावसबहीण आहे. मीठमसाला लावून सांगणं तिला जमतच नाही.

रविवारची दुपार होती, साडेतीनची वेळ. तिसऱ्या मजल्यावरचं ऑफिस. खुर्च्या चाळीस, माणूस एक.

ऑफिसातली मशिनं, म्हणजे कॉम्प्युटर, सांभाळणाऱ्या कमांड ताई लिहायची. कमांड फसली की स्क्रीनवर एक नंबर येतो, त्यावरून काय बिघडलं ते कळतं. कुठल्या बिघाडाला कुठला नंबर द्यायचा, ते संध्याकाळपर्यंत पक्कं करायचं होतं.

आणि काकांचं मशीन यादीतून काढायचं होतं.

काका शेजारच्या टेबलावर बसायचे. अख्ख्या ऑफिसात ताईशी बोलणारे ते एकटेच. दोन महिन्यांपूर्वी वारले. मशीन भंगारात गेलं. यादीत नाव तेवढं उरलं होतं, आणि ते पुसायला तिचा हात धजत नव्हता.

शेवटी तिने मन घट्ट केलं. कमांड आधी मशीनला बंद व्हायला सांगायची, मग नाव पुसायची. मशीनच नाही म्हटल्यावर चार नंबर येणार आणि नाव पुसलं जाणार, हे ठरलेलं.

तिने एंटर दाबलं.

आला... पाच.

पाच तिने कुठे लिहिलाच नव्हता! सगळा प्रोग्राम पालथा घातला. नाहीच.

तेवढ्यात शेजारून मशीनच्या पंख्याची घरघर ऐकू आली...

टेबल रिकामं होतं. साधी वायरसुद्धा नव्हती.

मग तिला आठवलं. ‘मशीन नाही’ आणि ‘मशीन उत्तर देत नाही’, दोन्हींना तिने घाईत चारच दिला होता. काका असताना त्यावरून चिडले होते.

"तुझं आपलं सब घोडे बारा टक्के! अगं, नसणं वेगळं आणि गप्प असणं वेगळं."

तिने नंबरांच्या यादीत भर घातली. पाच: आहे, पण उत्तर देत नाही.

घरघर थांबली...

"काका?"

तिने कमांड पुन्हा दिली. या वेळी शून्य आला. शून्य म्हणजे बिघाड नाही. पलीकडून उत्तर आलं होतं, आणि नाव पुसलं गेलं होतं.

"थांबा ना, काका!" ताई रिकाम्या ऑफिसात ओरडली.

तीन वर्षं झाली. घरी निघताना ती अजून रोज एकदा ते नाव टाकून बघते. चारच येतो: मशीन नाही.

एखाद्या दिवशी पाच आला तर, या विचाराने माझ्या अंगावर काटा येतो. ताई मात्र त्याचीच वाट बघत असते.