आतेचा कोपरा

ही घडलेली गोष्ट हाय. पटत नसेल तर इथंच थांबा. नामामामाला कुणाशी वाद घालायचा नाय.

साल शहाऐंशी. वाशीला लागून खाडीकाठचं आमचं गाव. आणि रात्रबित्र काय नव्हती.

शनिवारची भर दुपार.

मामाच्या घरात त्याची आते राहायची, बायजाबाई. आईवेगळ्या नामाला तिनंच वाढवलेला. दर शनिवारी दुपारी ती पुढची खोली शेणानं सारवायची. भात कापताना विळ्यानं तिच्या उजव्या हाताचं एक बोट अर्धं गेलं होतं. त्यामुळं तिच्या सारवणात तीन फराटे लांब उठायचे आणि एक आखूड.

पण मामाची वाशीच्या फ्लॅटवाल्यांशी दोस्ती झाली. त्यांना घरी बोलवायची त्याला लाज वाटायला लागली.

"साहेबांना काय शेणावर बसवू?"

म्हणून लाकडी फ्लोरिंग घालायचं ठरलं.

मामाला अख्खा साग पायजे होता. वाशीचा दुकानवाला नंदकिशोरशेठ हसला.

"नामाभाऊ, खाडीची हवा आहे. अख्खी फळी एका पावसाळ्यात केळ्यासारखी वाकेल. हे बघा. वर सागाचा पातळ पापुद्रा, खाली प्लायचे थर. एक उभा, एक आडवा. एकमेकांना धरून बसतात. वाकायचं नाव नाही."

मामानं नमुन्याचे तुकडे घरी आणले, आतेपुढं टाकले.

"सांग, कुठला घेऊ?"

आतेनं सगळ्यांवरून तळवा फिरवला.

"गार नाय, ऊन नाय. यो मेलेला हाय रं."

"तुला काय कळतंय त्यातलं!"

"नसंल कळत. पन नामा, देव्हाऱ्याजवलचा कोपरा तेवरा सोर, तिथं फल्या नको. जावाच्या टायमाला मना भुईवर घे. लाकरावर जीव सुटनार नाय माझा."

आमच्यात माणूस जायला लागलं की खाटेवरून खाली घेतात. सारवलेल्या भुईवर. आतेनं आयुष्यात मागितलेली हीच एक गोष्ट.

"हो," मामा म्हणाला.

काम निघालं तेव्हा आते दिघ्याला भाचीकडं गेलेली. दिलीप मिस्त्रीनं भुईवर जाड प्लास्टिक अंथरलं, वर फळ्या बसवत आला. कोपऱ्याशी थांबला.

"हा सोडायचा बोललात ना? सोडतो. पण ओल इथूनच शिरणार. आणि दिसेल कसं... पुढचा दात पडल्यासारखं."

मामानं कोपऱ्याकडं बघितलं.

"लाव."

आते आली. कोपरा बघितला. काहीच बोलली नाय. बोलली असती तर मामा भांडून मोकळा तरी झाला असता.

वीस दिवसांनी तिला ताप भरला. चौथ्या दिवशी डॉक्टरनं मान हलवली. खाटेवरून खाली घेतली... फळ्यांवर.

तिचा हात हलायला लागला. तळवा फळीवर फिरायचा. इकडून तिकडं... इकडून तिकडं... काहीतरी शोधत असल्यासारखा.

पुतळामामी रडत म्हणाली, "अहो, अंगणात तरी घेऊ तिला."

मामा भडकला. "घर असून बाहेर टाकली म्हणतील लोक! गप बस!"

दोन तास तो हात फिरत होता.

मग थांबला.

तेरावं झालं. पाहुणे गेले. शनिवार आला.

दुपारी मामा जेवून पडला होता. मामी नळावर. घर सामसूम.

आणि...

सर्र...

मामानं डोळे उघडले.

सर्र... सर्र...

ओला तळवा भुईवर फिरल्यासारखा. पण वर खोलीत कुणीच नाय. आवाज खालून... फळ्यांच्या खालून.

मग वास आला. ताज्या शेणाचा. फळ्या लागल्यापासून घरात शेण आलंच नव्हतं.

मामा कोपऱ्यात गेला. चकचकीत पॉलिशवर अर्धगोल फराटे. तीन लांब...

एक आखूड.

त्यानं धोतरानं खसाखसा पुसले. कुणाला सांगितलं नाय. पुढच्या शनिवारी परत. त्याच्या पुढच्याही.

चौथ्या शनिवारी त्यानं दिलीपला बोलावलं. "कोपरा उचकट."

"का शेठ? उंदीर शिरला काय?"

"उचकट म्हटलं ना!"

दिलीपनं पटाशी घातली. फळ्या निघाल्या. खालचं प्लास्टिक कोरडं, एक डाग नाय. त्यानं प्लास्टिक उचललं...

...आणि मागं सरकला.

खाली भुई सारवलेली. ओली. चमकत होती. आताच कुणी हात उचलला असावा, अशी.

एकच लांबट पट्टा. बाकी माती सुकून भेगाळलेली.

"काकी गेल्या त्या..." दिलीप म्हणाला. "त्यांच्यासाठीच ना ही जागा?"

मामानं दिलीपच्या पिशवीतली टेप काढली, पट्ट्याला लावली. दिलीपनं दुसरं टोक धरलं.

पाच फूट सात इंच.

"काकी एवढ्या उंच होत्या?"

"माझ्या खांद्याला पण लागत नव्हती."

दिलीपनं मामाकडं बघितलं. डोक्यापासून पायापर्यंत. मग टेपकडं.

त्यानं मजुरी घेतली नाय. पिशवी उचलली आणि निघून गेला.

आते रागावली असती तर मामाला बरं वाटलं असतं. पण ती रागावून सारवत नव्हती. लहानपणी त्याचं अंथरूण घालायची, तशी त्याची जागा करून ठेवत होती. ज्यानं तिला तिची दिली नाय, त्याची.

कोपरा अजून उघडाच हाय. दर शनिवारी दुपारी ओला होतो. तेवढा वेळ घरात कुणी थांबत नाय.

परवा मामानं मामीला जवळ बसवलं.

"माझी वेळ आली की मला तिथंच घे. फळीवर ठेवू नको."

"हो," मामी म्हणाली.

मामा किती तरी वेळ तिच्या तोंडाकडं बघत बसला.

त्यानंपण आतेला 'हो'च म्हटलं होतं.