बोअरच्या गाडीचं औक्षण

मशीनला लावायचं कुंकू माणसाला लागलं, आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

झालं असं, की बेलखेड्याच्या शिवारात बोअरची गाडी आली. संत्र्याच्या बागा वाळत चाललेल्या, विहिरींचे तळ दिसायला लागलेले, बोअर मारून मारून जमिनीची चाळण झालेली... अशा दिवसांत एवढी मोठी गाडी आपल्या पायांनी गावात येते म्हणजे नशीबच उघडलं की! सरकार पाणी लावून देणार, असं ज्याने त्याने ज्याला त्याला सांगितलं. रीतीप्रमाणे बायका हळदकुंकू आणि नारळ घेऊन गाडीची पूजा करायला निघाल्या. आरतीचं ताट अपेक्षाच्या हाती होतं. मोर्शीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेली ही मुलगी म्हणजे किसनरावांची एकुलती एक, आणि किसनराव म्हणजे गावातला सगळ्यात तापट माणूस. त्यामुळे तिच्याकडे वर मान करून बघायची गावातल्या पोरांची छाती नव्हती.

तिने बोट कुंकवात बुडवलं, गाडीच्या पत्र्याकडे नेलं... आणि नेमकं त्याच वेळी गाडीखालून ग्रीसने माखलेलं एक डोकं वर आलं. बोट थेट त्याच्या नाकावर टेकलं.

बायका हसून हसून बेजार झाल्या. अपेक्षाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता ओवाळाच लागन," तो नाक न पुसता म्हणाला.

"गाडीले ओवाळाले आलो आमी. तुमाले नाई."

"मंग कुंकू वापस घ्या गाडीचं."

"लय बोलता बाप्पा तुमी!"

"श्याम म्हनतात मले. अकोल्याचा हाव."

"नाव कोनं विचारलं?"

"विचारलं नाई, पन विचारणारच होत्या ना..."

तिने ओठ दाबून हसू आवरलं. मग जे विचारायला सगळं गाव आसुसलं होतं, ते हळूच विचारलं, "पाणी लागन ना हो?"

श्यामचं हसू तिथल्या तिथे मावळलं. तो खाली मान घालून हातातला पाना पुसत राहिला. मागून त्याचे साहेब पुढे आले, "लागणार, लागणार! ए, ताईंचा फोटो काढा रे." अपेक्षा ताट उंच धरून फोटोसाठी छान हसली.

पाणी काही लागलं नाही. गाडी दिवसरात्र घरघरत राहिली आणि राखाडी, तेलकट चिखल नाल्यातून वाहत धरणाकडे जायला लागला. म्हशी नाल्याला तोंड लावायच्या आणि मागे फिरायच्या. मग एका दुपारी अमरावतीहून नसीमबानो चाची आल्या. उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या या बाई शहरातल्या मोहल्ल्या-मोहल्ल्यात फिरून लोक गोळा करत होत्या, कारण त्यांच्या नळाला याच धरणाचं पाणी येत होतं.

"बेटा, हा पाण्याचा बोअर नाई," किसनरावांच्या ओट्यावर बसून त्या म्हणाल्या. "कंपनी तेल शोधून राहिली. तेल लागलं की धरणाच्या काठानं विहिरीच विहिरी. मंग पाणी गेलं समजो... तुमचं बी, आमचं बी."

अपेक्षाला तो फोटो आठवला. आपणच तर ओवाळलं त्या गाडीला! हसत हसत, ताट उंच धरून!

त्या दिवसापासून तिला पाण्याची धास्तीच बसली. पेला तोंडाला लावण्याआधी ती हुंगून बघायची. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. ही तर उकळलेलं पाणीही हुंगायची. आई चिडायची आणि नंतर गुपचूप स्वतःही हुंगायची.

असंच एकदा मोर्शीच्या स्टँडवर रसवंतीसमोर ती बसची वाट बघत उभी होती. ऊन मी म्हणत होतं. कोणीतरी रसाचा पेला पुढे केला. तिने वर पाहिलं... श्याम!

"यातला बरफ कुठच्या पाण्याचा?" तिच्या तोंडून पहिलं वाक्य तेच निघालं.

त्याने पेल्यातला एक घोट घेतला. डोळे मिटून क्षणभर उभा राहिला. एक डोळा उघडला.

"मेलो नाई. घ्या."

"उष्टा देता?"

"तपासून देतो."

तिला हसू आलं, राग आला आणि तहानही लागली होती. तिने पेला घेतला. ओठ लावताना मात्र ती दुसरीकडे बघत राहिली, आणि तोही बसच्या पाट्या वाचत असल्याचं सोंग करत राहिला.

"त्या दिवशी तुमी मले पाण्याचं विचारलं," तो म्हणाला. त्याचा आवाज आता वेगळाच होता. "साहेबानं आमाले ताकीदच देल्ली होती. गाव विचारन तं पाण्याचा बोअर हाय म्हना. मले तुमच्यासमोर खोटं बोलवलं नाई... अन् खरंबी नाई सांगतलं. नोकरी सोडली म्या. आता जनसुनावणीत उभा राहून सगळं सांगीन."

जनसुनावणी बेलखेड्याच्या शाळेतच व्हायची होती. सरकारी अधिकारी येणार, गावाचं म्हणणं ऐकणार, आणि त्यावर कंपनीची परवानगी ठरणार. श्यामसारखा आतला माणूस बोलला तर कंपनीचं पितळ उघडं पडणार, हे अपेक्षाला कळत होतं. पण तिचं लक्ष रस्त्यापलीकडे गेलं. तिथे कंपनीची एक पांढरी जीप उभी होती. आत बसलेले दोघे या दोघांकडेच बघत होते.

तिने उरलेला पेला त्याच्या हातात दिला.

"नका बोलू," ती एकदम म्हणाली.

"काहून?"

"मले भेव लागते."

श्यामने जीपकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तुमी नाई म्हटलं, तं नाई बोलत. खरंच सांगतो. पन पक्कं सांगा."

हो म्हणावं तर याचा जीव, नाही म्हणावं तर सगळ्यांचं पाणी... तेवढ्यात बस आली आणि ती उत्तर न देताच चढली.

त्यानंतर तो मोर्शीला येत राहिला. नसीमबानो चाचींनी त्याला अमरावतीत आपल्या घरी ठेवून घेतलं होतं, आणि चाचींचा निरोप आणलाय हे त्याचं ठरलेलं निमित्त असायचं. निरोप दोन वाक्यांचा आणि गप्पा दोन बस सुटेपर्यंतच्या. तो तिला हसवायचा. हसता हसता ती मागे वळून बघायची. जीप कधी असायची, कधी नसायची. नसली की जास्तच भीती वाटायची. एकदा तो आलाच नाही. शेजारच्यांच्या फोनवर चाचींनी कळवलं, की जीपने त्याच्या सायकलीला धक्का मारला, हात मोडलाय. अपेक्षा फोन ठेवून चुलीपुढे जाऊन बसली आणि धुराचं निमित्त करून खूप रडली.

जनसुनावणीच्या दिवशी शाळेच्या पटांगणात मांडव पडला. अमरावतीहून बस भरभरून लोक आले. पांढरी जीप फाटकाशीच उभी होती. अपेक्षा बायकांमध्ये जाऊन बसली आणि तिने समोर बघितलं. मंचामागे भलंमोठं फ्लेक्स लावलं होतं आणि त्यावर तीच होती... ताट उंच धरून हसणारी. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'गावाने केलेलं स्वागत.'

"पाहा," कंपनीचे साहेब माइकवर सांगत होते, "गावाने आनंदाने आमच्या मशीनची पूजा केली. विरोध फक्त शहरातले लोक करतायत."

आजूबाजूच्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या. मागच्या रांगेत श्याम उठून उभा राहिला. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. तो मंचाकडे बघतच नव्हता. तो तिच्याकडे बघत होता आणि त्याला अजून उत्तर मिळालेलं नव्हतं.

अपेक्षाचे डोळे भरून आले. तिने मान हलवली. बोला.

तो माइकपाशी गेला.

"कुठले तुम्ही?" अधिकाऱ्याने विचारलं.

"अकोल्याचा."

"मग बसा. गावकऱ्यांचं आणि ज्यांच्या नळाला पाणी येतं त्यांचं ऐकायला आलोय आम्ही. बाहेरच्यांना बोलता येणार नाही."

कंपनीची दोन माणसं लगबगीने पुढे झाली. एकाने त्याचा चांगला हात धरला. "चला, बाहेर चला." ते त्याला फाटकाकडे न्यायला लागले, जीपकडे. जीप सुरू झाल्याचा आवाज आला. हा या मांडवातून एकदा बाहेर गेला की परत दिसायचा नाही, एवढंच अपेक्षाला कळलं. ती उठली.

"ते बाहेरचे नाईत!"

अख्खा मांडव तिच्याकडे वळला.

"मग कोण आहेत?" अधिकारी म्हणाला.

तिने बापाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर शब्दच फुटला नसता.

"आमचे... आमच्या घरचे जवाई हायेत." मग अगदी बारीक आवाजात, "...होणारे."

सोयरीक जमवताना आधी कूळ बघतात, मग शेती, मग पोरगा. इथे सगळं उलटं झालं होतं, आणि तेही माइकच्या शेजारी! अधिकाऱ्याने किसनरावांकडे बघितलं. "काय हो, खरं आहे का हे?"

किसनराव उठले. मिशी थरथरत होती. त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग श्यामच्या दंडाला धरून उभ्या असलेल्या त्या माणसांकडे, मग फाटकाबाहेरच्या जीपकडे. आता हा माणूस काय करेल, या धास्तीने नसीमबानो चाचींनी पदर तोंडात धरला.

"येवढ्या मानसाईत पोरगी उभी राहून बोलली, तं खोटं कसं असन?" किसनराव म्हणाले. "अन् असन, तं आता खरं करा लागन. ए, सोड त्यायचा हात! बोला जवाईबापू, काय सांगाचं ते सांगा."

कारकून लिहायला लागला. "नाव?"

"श्याम."

"गाव?"

त्याने अपेक्षाकडे पाहिलं. "बेलखेडा," म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. खोटं काय बोलायला लावलं, तेलकट चिखल नाल्यात सोडायला कोणी सांगितलं, आणि तो सोडणाऱ्या हातांमध्ये आपलाही हात कसा होता. आवाज फुटत होता तरी तो थांबला नाही. शेवटी अधिकाऱ्याने धरणाच्या पाण्याची तपासणी होईपर्यंत काम बंद, असं जाहीर केलं. तपासणीत काय निघेल, कोण जाणे. पण तेवढ्यावरही बायकांनी एकमेकींच्या गळ्यात हात टाकले.

गर्दी हलली तसा श्याम तिच्याजवळ आला.

"जवाई म्हटलं म्हनून हुरळून नका जाऊ," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "तुमाले बोलू द्यावं म्हनून म्हटलं."

"बस? येवढंच?"

तिने फाटकाकडे पाहिलं.

"थरथर कापून राहिल्या तुमी..."

"भेव लागते."

"कोनाचं? बाबाचं?"

"बाबाचं... त्या जीपचं... पाण्यात काय निघन त्याचं..."

"अन् माहं?"

तिने त्याच्या प्लास्टरकडे पाहिलं. डोळे पुन्हा भरले.

"तुमचं नाई," ती म्हणाली. "तुमच्यासाठी."

एवढ्या बोलक्या पोराने फक्त चांगला हात पुढे केला. सगळं गाव बघत होतं, किसनराव बघत होते, आणि फाटकाशी ती जीप अजून उभीच होती. अपेक्षाने तो हात धरला आणि घरापर्यंत सोडला नाही.