मागून वाजणाऱ्या किल्ल्या

इंग्रिडच्या ध्वनिफेरीचे नियम दोनच. तासभर कुणी तोंड उघडायचं नाही, आणि मागे वळून बघायचं नाही. पुढे चालणारी इंग्रिडसुद्धा मागच्यांची पावलं कानांनीच मोजायची. व्हँकूव्हरमध्ये अठरा वर्षं ती लोकांना असं शहर ऐकवत फिरवत होती.

त्या रविवारी दुपारी सातजण आले होते. खाडीवर धुकं होतं. बोटीचा भोंगा, कावळे, ओल्या रस्त्यावरून सरकणारी बस... सगळं कसं छान कानांवर येत होतं. तेवढ्यात मागून सुरू झालं, छुन् छुन् छुन्. किल्ल्या!

इंग्रिडचं डोकंच फिरलं. निघताना घसा फोडून सांगितलं होतं, खिसे रिकामे करा म्हणून! शहर ऐकायला येतात, आणि सांगितलेलं एक ऐकतील तर शपथ!

पुलाखाली आवाज वाढला, मग मागे पडू लागला. गेल्या वर्षी याच पुलाखाली तिचा नवरा वॉल्टर अशाच किल्ल्या वाजवत होता. मुद्दाम छळतोय मेला, असं समजून ती तशीच पुढे गेली होती. त्याच्या छातीत कळ आली होती. नियम पाळून बिचारा किल्ल्यांनी हाक मारत होता, आणि तिथेच गेला.

छुन् छुन्...

"अरे, पुरे करा की! कुणाच्या किल्ल्या आहेत त्या?" ती ओरडतच वळली.

सगळे दचकून थांबले. "कसल्या किल्ल्या, इंग्रिड?" पुढे उभी असलेली तमारा कुजबुजली. "आम्हाला तर काहीच..."

इंग्रिडने माणसं मोजली. सहा. "लेस्ली कुठे आहेत?"

म्हातारे लेस्ली पुलाच्या खांबाला टेकून, छाती धरून बसले होते. ॲम्ब्युलन्स वेळेवर आली म्हणून वाचले.

ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना त्यांनी इंग्रिडचा हात धरला. "आवाजच फुटेना हो... तो गृहस्थ होता म्हणून बरं. शेजारी बसून किल्ल्या वाजवत राहिला. म्हणाला, घाबरू नका, ती आधी चिडेल, मग वळेल."

"आणखी काही... म्हणाला?"

लेस्ली घुटमळले. "म्हणाला, आज वळली. मग तेव्हा का नाही?"

घराकडे इंग्रिड एकटीच निघाली. धुक्यात भोंगा वाजला, बस गेली. आणि मागे, दहाएक पावलांवर, छुन् छुन्...

अठरा वर्षं पाळलेला नियम तिने दुपारी मोडला होता. आता मात्र मान वळवायचा धीर होईना.

दारापाशी पोचून तिने खिशात हात घातला. किल्ल्या नव्हत्या. आणि छुन् छुन् अगदी तिच्या पाठीशी येऊन थांबलं.