उचकीवरचा आळ

तो माझ्याशी बोलला ते पहिलं वाक्य होतं— "बाई, हे कीर्तन तुमी चोरलंय!"

मंठाळच्या सप्त्यातली दुपार. माझं पहिलंच कीर्तन. मंडपाला लागून असलेल्या चंद्रभागाबाईंच्या ओसरीवर मी पदराला माइक टोचून, कपाळी बुक्का लावून तयार बसले होते आणि... उचकी लागली. चंद्रभागाबाईंनी जिभेवर साखर ठेवली, श्वास रोखायला लावला, वाकून पाणी प्यायला लावलं. उचकी काही हटेना. वर पत्र्यावर पावसाची सर, बाहेर टाळकरी उभे राहिलेले, आणि मी इथं... पांडुरंगा, तुझंच नाव घ्यायचंय ना, मग ते मधेच कामून तोडतोस?

तेवढ्यात बदली आलेला मृदंगवाला आत डोकावला. ओले केस, रुंद खांदे. चंद्रभागाबाई म्हणाल्या, "व्यंकट, बघ की रं, शिवकन्येची उचकी थांबंना!"

त्यानं माझ्याकडं रोखून पाहिलं आणि ते वाक्य बोलला.

"काय म्हणालात?"

"चोरलंय म्हणालो! मोबाइलवरून अख्खं पाठ केलंय. एक ओळ तुमची न्हाई."

माझ्या अंगाचा भडका उडाला. चुलीपुढं, रानाच्या वाटेवर, शब्द न् शब्द मी जुळवलेला! "जीभ झडंल तुमची! कोण तुम्ही? कुणी बोलावलं तुम्हाला?"

"गेली न्हवं?" तो शांतपणे म्हणाला.

"काय गेली?"

"उचकी."

...गेली होती. चंद्रभागाबाई हसायल्या, "आगं, खोटा आळ घातला की माणूस चिडतंय, आन् उचकी पळतीय!"

पण बाहेर एकदम सामसूम झाली होती. आणि तेव्हा मला कळलं— माझा माइक चालूच होता. गावभरच्या भोंग्यांवरून मी चोर ठरले होते.

सप्त्याचे म्होरके गुंडेराव दारात आले. "बाई, खरं व्हय हे? मंडळी इचारायलीत."

मी व्यंकटकडं बोट केलं. "जा. सांगा आता."

तो धावतच गेला, हात जोडून म्हणाला, "आळ खोटा हुता मायबाप, उचकीसाठी घातला!" लोक हसले. पण मागून कुणीतरी ओरडलं, "आता सारवायलास व्हय रं?"

गुंडेराव म्हणाले, "आसं करा बाई. ठरवून आणलेलं ऱ्हाऊ द्या. समोर दिसतंय त्याच्यावरच दृष्टांत द्या."

पहिलंच कीर्तन, आणि परीक्षा! मी उभी राहिले. समोर तोच दिसत होता. मृदंग मांडीवर, डाव्या तोंडाला ओली कणीक थापत बसलेला.

"बघा मंडळी," मी म्हणाले, "नुसतं कातडं लई टणटण करतं. मग त्याच्या तोंडाला कणीक थापावी लागते, तेव्हा कुठं ते नीट बोलतं. काही माणसांचंही तसंच असतं!"

मंडप खदखदला. व्यंकटचे कान लाल झाले. बरं वाटलं मला! पण बोलता बोलता माझाच आवाज खाली आला... "देवही आपल्याला दुःखानं जड करतो. ती त्याची कणीक. जड झाल्याशिवाय खोल नाद निघत नाही. आणि कीर्तन सरलं की तोच आपल्या बोटांनी, हलक्या हातानं, ती काढून घेतो."

गुंडेरावांनी उपरण्यानं डोळे पुसले. मागचा तो आवाजही "रामकृष्णहरी" म्हणाला. मी गजर धरला आणि रागारागात लय चढवली— बघू कुठवर येतो! तो मात्रेनंही मागं राहिला नाही. वर मान करून हसला... हसला मेला!

कीर्तन संपलं. बायका पाया पडून गेल्या. मग तो आला.

"राग गेला?"

"न्हाई. दुसरा आळ नव्हता? चप्पल चोरली म्हणायचं!"

"चपलेवर तुमी हसला असता. आन् आळ पक्का खोटा लागतोय. थोडासुदा खरा निघाला तर माणूस चिडत न्हाई, गप बसतंय." मृदंग खांद्याला अडकवत तो म्हणाला, "तुमी चोरलं न्हाई, तुमच्याबद्दल मला तेवढंच पक्कं ठाऊक हुतं."

"कसं?"

"बसवकल्याणहून येताना जीपमदी तुमी पुढं, मी मागं. सगळ्या वाटंनं पुटपुटायलात. आदी बैलाचा दृष्टांत, मग म्हशीचा, मग बांधावरल्या बोरीचा... सोताशीच भांडायलात. चोरलेलं कुणी इतकं बदलतं व्हय?"

पाऊस थांबला होता. त्याच्या बोटांना अजून कणीक चिकटलेली होती.

"आनखी एक सांगू? हे मात्र खरं हाय..." तो मृदंगाच्या दोरीशी चाळा करत म्हणाला. "त्याच वाटंवर... तुमी मला आवडलात."

माझा राग पुन्हा उसळला.

"मग हे आधी सांगायचं! चोर म्हणायला धीर हुता, आन् हे म्हणायला न्हाई?"

"तवा उचकी हुती ना..."

"गप बसा! रविवारी आमच्या घरी कमलनगरला या. माझे वडील, अप्पा, घरीच असतात. आणि त्यांच्यापुढं पहिलं वाक्य—" मी दात-ओठ खाऊन म्हणाले, पण हसू काही आवरेना, "—पहिलं वाक्य हेच बोलायचं!"