हकालाचे मोडके पंप

डुलुथच्या बंदराजवळच्या खानावळीत ब्लूबेरी पायचा एकच तुकडा उरला होता, आणि तो आम्ही दोघांनी एकदमच मागितला.

"तुम्ही घ्या," तो म्हणाला. "आज कर खात्याचं माणूस यायचंय माझ्याकडे. तसंही घशाखाली काही उतरणार नाही."

"इतकी वाईट असतात ती माणसं?"

"हसत नाहीत म्हणे कधी."

मी हसू दाबलं. अर्धा तुकडा त्याच्याकडे सरकवला. बोटं ग्रीसने काळी, पण बशी किती अलगद धरली त्याने…

थोड्या वेळाने मी त्याच्याच वर्कशॉपचं दार ठोठावलं. "मारित सोल्बर्ग. मिनेसोटा राज्य, कर खातं."

आर्वो हकाला कानापर्यंत लाल झाला. "आणि तुम्ही मला खुशाल बडबडू दिलंत!"

"मी हसले होते," मी म्हणाले. "तुम्ही पाहिलं नाहीत."

मासेमारीच्या होड्यांसाठी कडाक्याच्या थंडीतही न गोठणारा पंप त्याने बनवला होता. राज्यातच नवं संशोधन करणाऱ्या धंद्यांना सरकार करात सवलत देतं, तिच्यासाठी त्याचा अर्ज होता. त्याने चकचकीत पंप पुढे ठेवला.

"पहिल्या फटक्यात जमला?"

"हो… म्हणजे, हो."

"मग सवलत अवघड आहे. उत्तर आधीच ठाऊक असेल तर ते संशोधन कसलं?"

त्याचा चेहरा उतरला. "सवलतीच्या भरवशावर दोन कारागीर ठेवलेत हो मी."

"खरं सांगा. कुठेच चुकला नाहीत?"

तो घुटमळला. मग कोपऱ्यातली ताडपत्री ओढली. खाली तडकलेले, पिळवटलेले, फुटलेले पंपच पंप!

"हे कुणाला दाखवत नाही मी. लाज वाटते."

पण एकेक उचलून सांगायला लागला आणि लाज कुठल्या कुठे पळाली. हा गारठ्याने तडकला, म्हणून धातू बदलला. ह्याचं रबर दगड झालं, म्हणून ते काढूनच टाकलं. सांगताना त्याचे हात नाचत होते. मी लिहायचं विसरले. इतक्यांदा हरून माणूस इतका आनंदी राहू शकतो?

"हेच तर संशोधन, हकाला," मी म्हणाले. आवाज मात्र खात्याचा राहिला नव्हता.

परत गेल्यावर मी साहेबबाईंना म्हटलं, "ही फाइल दुसऱ्या कुणाकडे द्या."

"का गं? त्याची काही भानगड?"

"त्याची नाही… माझी."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बरं झालं बोललीस. आण इकडे."

दुसऱ्या अधिकाऱ्याने सगळं नव्याने तपासलं, उलटसुलट विचारलं आणि अखेर सवलत मंजूर केली. मग मी सुट्टी काढून डुलुथला गेले.

बंदरातला बर्फ फुटला होता. आर्वो एका होडीवर पंप चालवून बघत होता. मला पाहून ताठ झाला.

"पुन्हा तपासणी?"

"नाही."

"फाइल टाकून गेलात तुम्ही. वाटलं, माझ्या भंगाराला कंटाळलात."

"वेडे आहात का? तुमच्याबद्दल निकाल देणं मला जमेना. मन एका बाजूला झुकलं होतं… तुमच्या."

 त्याने काळी बोटं घाईघाईने शर्टाला पुसली आणि माझा हात हातात घेतला.

"मारित… पुन्हा सांग ना."

"अरे आर्वो!" होडीचा म्हातारा मालक ओरडला. "पंप बंद कर की! सगळं पाणी माझ्या बुटांत चाललंय!"

आर्वोने ऐकलंच नाही. मीही नाही.