उष्टी हळद, गार पाणी

डोक्याला शाम्पूचा फेस, अंगावर घाईनं चढवलेला गाऊन, केसांभोवती कसाबसा गुंडाळलेला टॉवेल… अशा अवतारात सायलीनं पुढचं दार उघडलं. बेल केव्हाची वाजत होती आणि पाहुण्यांनी भरलेल्या घरात कुणालाच ती ऐकू येत नव्हती.

दारात एक अनोळखी तरुण उभा होता. हातात लाल कापडानं झाकलेलं ताट.

“उष्टी हळद आणलीये,” तो म्हणाला. मग तिच्या कपाळावरून ओघळणाऱ्या फेसाकडे बघत हळूच म्हणाला, “पण इथं… आधीच कार्यक्रम सुरू झालेला दिसतोय.”

सायलीला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. ती ताट घ्यायचं विसरून आत पळाली.

दोन हजार पाचचा डिसेंबर होता. मखमलाबादच्या मळ्यांवर सकाळी उशिरापर्यंत धुकं असायचं आणि टाकीतलं पाणी हाताला चावायचं. आज सायलीच्या थोरल्या बहिणीचं, रूपालीचं लग्न होतं. नवरदेव मनमाडचा. वऱ्हाड आदल्या संध्याकाळीच कार्यालयात येऊन उतरलं होतं, आणि नवऱ्याची हळद नवरीला लावायला त्याच्या घरच्या बायका आल्या होत्या. ताट घेऊन पुढे आलेला भारत हा नवऱ्याचा चुलतभाऊ. जीप चालवायला म्हणून त्याला पाठवलं होतं.

आणि नेमका आजच गॅस गीझर रुसला होता. सायलीच्या अंगावर आधी कढत, मग एकदम बर्फासारखं पाणी आलं होतं. तिचं काय, तिनं दात वाजवत डोकं धुऊन टाकलं असतं. पण रूपाली कालपर्यंत तापानं फणफणली होती. हळद लागल्यावर तिला न्हाऊ घालायचं तर भरपूर गरम पाणी हवं होतं. घरातली शेगडी पाहुण्यांच्या चहात अडकलेली, आचारी सगळं सामान घेऊन कार्यालयात गेलेला. आई रडकुंडीला आली. गीझर बसवणाऱ्याचा फोन लागत नव्हता.

“मी बघू का?” भारतनं विचारलं. मनमाडला त्याचं विजेच्या सामानाचं दुकान होतं आणि तो गीझर विकायचा.

“विकता म्हणजे दुरुस्त करता का?” सायलीनं विचारलं. एव्हाना तिनं केस धुतले होते आणि थंडीनं तिचं नाक लाल झालं होतं.

“विकलं की गिऱ्हाईक येऊन भांडतं. तेव्हा शिकतो.”

गीझर घराच्या बाजूच्या बोळात भिंतीला लावलेला होता. भारतनं तिला नळ सोडायला सांगितलं आणि कान लावून उभा राहिला. ठिणगीचा टक-टक आवाज फारच मरतुकडा येत होता. सेल संपलेत, असं त्यानं जाहीर केलं. सायलीनं बाबांच्या टॉर्चमधले सेल काढून आणले. ते घातल्यावर ठिणगी खणखणीत पडली, निळी ज्योत भप्पकन पेटली, आणि दोघं एकमेकांकडे बघून इतकी हसली की जणू त्यांनीच आगीचा शोध लावला होता. तेवढ्यात ज्योत विझली.

“हं,” भारत म्हणाला.

“हं म्हणजे काय?”

“म्हणजे मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ थांबावं लागणार.” त्याला त्याचं फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

मग त्यानं समजावून सांगितलं. पाण्याला जोर असला तरच आतला पडदा ढकलला जातो आणि गॅस सुटतो. जोर कमी झाला की गॅस बंद. त्यानं पाणी आत येतं तिथली जाळी उघडली. बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी ती पांढरीफटक झाली होती. सायलीनं स्वयंपाकघरातून लिंबं आणली, आणि दोघं बोळात उकिडवी बसून टूथब्रशनं जाळी घासू लागली. जागा अरुंद होती. तिच्या ओल्या केसांचं पाणी त्याच्या मनगटावर टपकत होतं. त्यानं हात मागे घेतला नाही… तिनंही केस मागे घेतले नाहीत.

जाळी बसवली. ज्योत पेटली, यावेळी जरा जास्त टिकली आणि पुन्हा गेली. थोड्या वेळानं आपोआप पेटली. पुन्हा गेली.

“कुणीतरी दुसरा नळ उघडतंय,” सायली एकदम म्हणाली. “मी गच्चीवर जाते. तिथून सगळं अंगण दिसतं. इथं ज्योत विझली किंवा पेटली की मला सांगा.”

“ओरडून सांगू? वरात समजून लोक जमतील.” भारतनं खिशातून मोबाइल काढला. “मिस्ड कॉल देतो. नंबर सांगा.”

सायलीनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. “गीझरसाठीच ना?”

“सध्या तरी…”

तिनं नंबर सांगितला आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली. धुकं विरत होतं. काही वेळ काहीच झालं नाही. मग हातातला फोन थरथरला आणि तिनं खाली पाहिलं. अंगणात तिचे बाबा, मोतीराम, पाइप लावून मांडवाच्या झेंडूच्या माळांवर पाणी मारत होते. त्यांनी नळ बंद केला. फोन पुन्हा वाजला. ज्योत आली होती.

सापडलं, असं ओरडतच ती खाली धावली. बाबा आधी ऐकेनात. स्वतःच्या मळ्यातली फुलं लेकीच्या लग्नात सुकलेली त्यांना चालणार नव्हती. “फुलं दुपारपर्यंत टिकतील, पण ताई गारठेल,” असं सायलीनं सांगितल्यावर त्यांनी गुपचूप पाइप गुंडाळला. रूपालीचं न्हाणं होईपर्यंत सायली स्वयंपाकघराच्या नळावर पहारा देत उभी राहिली. बाथरूमच्या खिडकीतून वाफ बाहेर आली, हळदीचा वास आला, बायकांची गाणी सुरू झाली. भारत बोळातून आत आला. त्याच्या हाताला लिंबाचा वास येत होता.

तेवढ्यात सायलीच्या सगुणाआत्यानं त्याच्या हातात चहा दिला आणि सहज सांगून टाकलं, “आता हिचा नंबर. रविवारी देवळा गावचे लोक बघायला येत हायेत. लय चांगलं स्थळ हाय.”

भारतनं चहा संपवला, सगळ्यांना नमस्कार केला आणि जीपकडे निघून गेला.

लग्न थाटात लागलं. अक्षता टाकताना सायलीची नजर नवरदेवाच्या मागे जात होती, पण भारत प्रत्येक वेळी दुसरीकडेच बघत होता. जेवणाच्या पंगतीत तो वाढायला होता. तिच्या पानावर जिलेबी वाढली, तीही मान वर न करता. सकाळी एवढं हसणारा माणूस हाच का, असं तिला वाटलं. देवळ्याच्या मुलाला तिनं पाहिलंही नव्हतं आणि त्याचा तिला आता राग यायला लागला होता.

संध्याकाळी पाठवणीची वेळ झाली. सगळे रूपालीभोवती रडत असताना सायली डोळे पुसत सरळ जीपपाशी गेली. भारत मागं बॅगा बांधत होता.

“रविवारी देवळ्याच्या लोकांना येऊ नका म्हणून सांगायचंय मला,” ती म्हणाली. “बाबा कारण विचारतील. काय सांगू?”

त्याच्या हातातली दोरी तशीच राहिली. “खरं कारण… काय आहे?”

“तेच विचारायला आलेय.”

त्यानं आता सरळ तिच्याकडे बघितलं. मग म्हणाला, “दिवसभर मी तुमच्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. मला तुम्ही आवडलात, सायली. फार.”

“मग हे मला सांगून काय उपयोग? बाबांना सांगा.”

तिला वाटलं, चार दिवसांनी, थोरल्यांच्या मार्फत. पण भारत दोरी टाकून तिथूनच निघाला. तो मोतीरामांसमोर उभा राहून, हात जोडून काय बोलला ते तिला ऐकू आलं नाही. बाबांच्या रडून लाल झालेल्या डोळ्यांत आधी आश्चर्य दिसलं. मग त्यांनी वळून सायलीला शोधलं. ती मान खाली घालणार होती, पण तिनं ती घातली नाही. बाबांना जे कळायचं ते कळलं.

“अगं बाई, सख्ख्या बहिणी सख्ख्या जावा?” सगुणाआत्या कुरकुरली.

“चुलत जावा,” बाबा म्हणाले आणि रडता रडता हसले. मग भारतच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “एक लेक आत्ताच दिली, पोरा. मला जरा श्वास घेऊ दे. आणि पुढच्या वेळी वडिलांना घेऊन ये.”

एव्हाना जीपमध्ये येऊन बसलेल्या रूपालीनं खिडकीतून हात बाहेर काढला, सायलीला जवळ ओढलं आणि तिच्या कानात सांगितलं, “लवकर ये. मला तिकडे करमणार नाही.”